सत्तेचाळीस कंडेन्सर

१५ नोव्हेंबर १९९३, सोमवार

आज दुकान उघडलं. पाच महिन्यांनी. शटर वर जाईना, गंजलं होतं. शेजारच्या पानवाल्याने हात लावला तेव्हा गेलं. आत धूळ, उंदरांच्या लेंड्या, आणि टेबलावर यांनी अर्धवट सोडलेला रेडिओ तसाच उघडा. अकरा जूनला तोच करत होते. आधी हातातलं सोल्डरिंग पडलं, मग हे.

यांना रिक्षातून सोबत आणलं. उजवं अंग अजून मेलेलंच. पाठीला उशी देऊन खुर्चीत बसवलं आणि मी टेबलाशी बसले. पंधरा वर्षं त्या खुर्चीत मी आणि टेबलाशी हे. आज उलटं. बघवेना त्यांना. मान भिंतीकडे.

दुपारी सूर्यभान आला. यांचा धाकटा भाऊ, रेल्वेत आहे. दारातूनच — “वैनी, बाई रेडिओ खोलायलीय म्हनून स्टेशनवर लोक हसायलेत. बंद करा हे. फोनचं बूथ टाकू. नुसतं बसायचं, काई शिकायची गरज न्हाई.”

म्हटलं, मला येतं.

“काय येतं? दादा, तुमीच सांगा, हिला येतं का?”

हे म्हणाले, “न्हाई.”

सूर्यभान खुश होऊन गेला. त्याला कोण सांगणार, यांच्याकडे आता तेवढा एकच शब्द उरलाय! पाणी पाहिजे — न्हाई. नको — न्हाई. मला हाक मारायची — न्हाई. अर्थ डोळ्यांवरून ओळखायचा. आणि आज डोळे भिंतीकडे होते. त्यामुळे मलाही कळलं नाही ते काय म्हणाले.

१६ नोव्हेंबर

एक टॉर्च, एक टेपरेकॉर्डरचा पट्टा. बस्स.

१९ नोव्हेंबर

भुजंगदादा आले, चुडाव्याहून सकाळच्या पॅसेंजरने. सोबत त्यांच्या गाण्याच्या पार्टीतला ढोलकीवाला आणि दोघांच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेला तो सिंथेसायझर. भुजंगदादा त्याला ‘शिंथेसर’ म्हणतात, गावोगावचे लोक ‘विजेचा बाजा’. भुजंगदादा आणि त्यांची बायको सरजाबाई यांनी तीस वर्षं बाबासाहेबांची गाणी गायली, या बाजावर बारा-तेरा वर्षं. जपानी आहे. ऐंशी साली मुंबईतून जुनाच घेतलेला. म्हणजे वीस वर्षांचा तरी असेल.

“मिस्त्री...” म्हणत आत आले आणि यांना बघून थांबले. त्यांना माहीत नव्हतं. खाली बसून यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ.

मग मला म्हणाले, “चालू केला की गांधीलमाशा उठल्यावानी गुरगुरतंय. आन् तापला की सूर खाली जातोय. नांदेडात दोघांनी सांगितलं, भंगारात घाला, नवा छोटा घ्या. सरजा श्रावणात गेली बाई. तिचं शेवटचं गानं ह्याच्यावरच झालं. सहा डिसेंबरला मला ह्याच्यावरच गायचंय. नव्यावर न्हाई.”

म्हटलं, मी करते.

“तुमी?”

मी गोधडी सोडायला लागले. तेच हसले थोडं. “सरजा पयल्यांदा गायला उठली तवा लोक असंच म्हनले होते. करा.”

हे बोटाने खुर्चीचा हात खरवडत होते. होकार की नकार, देव जाणे... देव कशाला, तेही नाही मानत आपण. यांनाच ठाऊक.

२२ नोव्हेंबर

खोलला. बावीस स्क्रू. आतून सुक्या मासळीसारखा वास. सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर डोक्यावर फुगलेले, बुडाशी तपकिरी चिकट पाणी. छोट्या कंडेन्सरमधले कितीतरी आत सुकून गेलेले — मीटरचा काटा हलतच नाही. कंडेन्सरचं असंच असतं. पोटातलं औषध वाळलं की बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत काहीच धरत नाही. एकूण मोजले — सत्तेचाळीस. सगळेच बदलायचे.

यांना आतली सर्किटची प्लेट दाखवली. पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांनी. डाव्या हाताचं एक बोट वर केलं, मग माझ्या हातातल्या पकडीला शिवलं, परत एक बोट. कळलं मला. त्यांचा जुना नियम — एक काढायचा, एक लावायचा. दोन एकदम काढायचे नाहीत कधी.

२५ नोव्हेंबर

नांदेडहून कंडेन्सर आणले. तीन मापांचे मिळाले नाहीत, दोन-दोन जोडून माप करावं लागेल. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, मिस्त्री आले नाहीत का? म्हटलं, बाहेरगावी गेलेत. का म्हटलं असं?

२७ नोव्हेंबर

नांदेडात एका माणसाने नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. वस्तीत आज चुली उशिरा पेटल्या. यांना सांगू का नको असं झालं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून यांनीही जेल काढलीय, अकरा दिवस, आमचं नवीन लग्न होतं. पेपर लपवून ठेवला. पण त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. जेवले नाहीत.

२९ नोव्हेंबर

एकोणीस झाले. हात बसायलाय आता. कथील गोल, चकचकीत पडतं. हे खुर्चीतून वाकून बघतात. चांगलं झालं तरी “न्हाई”, वाकडं झालं तरी “न्हाई”. दिवसभर न्हाई न्हाई न्हाई! चार वाजता मी ओरडले त्यांच्यावर — गप बसा जरा! गप बसले.

रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया थांबून बघून गेल्या.

२ डिसेंबर

कसं लिहू.

सकाळपासून लाईट येत-जात होती. चार दिवस उरले म्हणून मी घाई केली. सप्लायच्या प्लेटवरचे सहा कंडेन्सर एकदम काढले. एकदम! म्हटलं, ठशांवरून कळेल कोणता कुठला. लावत गेले. या बाजाला दोन लायनी आहेत — एक अधिक पंधरा, एक उणे पंधरा. उणेच्या लायनीवर कंडेन्सरचा अधिकचा पाय जमिनीकडे, म्हणजे अर्थिंगला जातो. उलटा. मला माहीत आहे हे! यांनीच शिकवलेलं, वहीत लिहिलेलं. तरी मी सगळे एकाच तोंडाने लावत गेले.

हे म्हणाले, “न्हाई.”

मी बघितलं नाही.

“न्हाई. न्हाई!” खुर्चीचा हात आपटायला लागले. मी म्हटलं, झालं, झालं, एवढं बघू द्या लाईट आहे तोवर. सिरीजचा बल्ब लावून बघायचा असतो आधी, शॉर्ट असला तर तो भगभगतो आणि माल वाचतो; तोही लावला नाही. सरळ पिन घातली. हे पुढे झुकले, अख्खे, पडतील इतके — “न्हाई!” — आणि फटाक्यासारखा आवाज झाला.

कागदाच्या चिंध्या आणि उकळतं औषध. माझ्या हातावर थोडं. बाकी सगळं यांच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली बोटभर. ते माझ्या आणि बाजाच्या मध्ये आले होते.

सरकारी दवाखान्यात मलम लावलं. डोळा वाचला म्हणाले. अजून जरा वर असतं तर...

सहा महिन्यांत एकदाच ते ‘नाही’ म्हणायचं म्हणून नाही म्हणाले. आणि मी ऐकलं नाही.

३ डिसेंबर

आज हे ‘न्हाई’ सुद्धा म्हणाले नाहीत.

४ डिसेंबर

प्लेट तपासली. उणेची लाईन जळालीय. दोन ट्रान्झिस्टर — ते मिळतील. पण सूर ज्या आयसीवर ठरतो ती गेली. नंबर वाचता येतो. परभणीत नाही, नांदेडात नाही, दोन्हीकडे फोन करून विचारलं.

चुडाव्याला गेले. भुजंगदादा अंगणात ढोलकीला शाई लावत बसलेले. उभ्यानेच सगळं सांगितलं — कंडेन्सर मी उलटा लावला, माझ्या हाताने जळालं, परवाच्या कार्यक्रमाला बाजा नाही. वाटलं, बोलतील चार शब्द. बरं वाटलं असतं.

“मिस्त्रीच्या डोळ्याला लागलं न्हाई ना?” एवढंच. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी पीत असताना म्हणाले, “दवाखान्यात सरजाच्या उशाशी मी चार म्हैने बसलो. रोज कोन तरी सांगायचं, उद्या बरं वाटल. तुमी खरं तरी सांगितलं.”

येताना गाडीत रडले. समोरच्या बाईने विचारलं, माहेरचं कोणी गेलं का?

६ डिसेंबर

विहाराच्या मैदानात कार्यक्रम झाला. ढोलकी आणि पेटी. भुजंगदादांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. पोरं उठून जात होती. मी शेवटपर्यंत बसले, पदर तोंडावर घेऊन.

९ डिसेंबर

सूर्यभान एका माणसाला घेऊन आला. दोघांनी टेप लावून दुकान मोजलं — काचेचं केबिन इथे, फोन इथे. मला कोणी काही विचारलं नाही. यांनाही नाही. हे खुर्चीत होते आणि टेप त्यांच्या पायावरून गेली.

ते गेल्यावर मी ठरवलं. हैदराबाद. आयसी तिथे तरी मिळेल.

१३ डिसेंबर

परत आले. एकटी गेले आणि एकटी आले! दगडाबाई यांच्यापाशी थांबली दोन दिवस. भिंतीपलीकडचं घर, शेतीवाडीवाली माणसं. तिची पोरं नामांतराच्या विरोधात मोर्चाला जातात, आणि ती यांना खिमट भरवते. पोरांना म्हणाली म्हणे, तुमचं राजकारण तुमच्यापाशी, मान्साला भूक लागती.

कोठीच्या बाजारात सकाळपासून हिंडले. चौदा दुकानं. नंबरची चिठ्ठी बघून सगळे हात हलवायचे. शेवटी एका बोळात, एक म्हातारा, डोळ्याला भिंग लावलेला.

“क्या होना अम्मा?”

चिठ्ठी दिली. हसला. “ये तो बहोत पुराना माल है. कायको होना?”

सांगितलं. जमेल तशा हिंदीत. कंडेन्सर उलटा लावला तेही सांगितलं. त्याने भिंग काढलं.

“मिस्त्री कौन है?”

माझ्या तोंडून निघून गेलं — “मैं.”

“हौ?” म्हणाला. उठला. मागच्या फळीवरून बिस्किटाचा डबा काढला आणि तासभर त्यात शोधत राहिला. मिळाली! एका जुन्या मेलेल्या बाजाच्या प्लेटवर, काढून घ्यायची. त्याने सोल्डरिंग माझ्याकडे सरकवलं. “निकालो.”

काढली. एकही पाय न मोडता. तो बघत होता. चहा मागवला.

यांना सगळं सांगितलं. गालावरची खपली धरलीय. ऐकलं की नाही कळलं नाही. ‘न्हाई’ अजून बंदच.

१७ डिसेंबर

बसून विचार केला. मला यांच्याशिवाय हे जमणार नाही. म्हणजे हात माझे चालतील, पण चूक दिसायला यांचे डोळे पाहिजेत. आणि त्या एका शब्दावर तर भरवसा ठेवता येत नाही.

म्हटलं, हे बघा. टेबलावर बोट आपटायचं. एकदा — बरोबर. दोनदा — थांब. दोनदा वाजलं की मी हात उचलणार, लाईट असो नसो.

त्यांनी हात मांडीखाली घातला. लहान पोरासारखा. मी हात जोडले. चुकले मी, म्हटलं. तुमी ओरडत होते आन् मी ऐकलं न्हाई. शिक्षा द्यायची ती द्या पण मला एकटीला सोडू नका.

हात मांडीखालीच राहिला. दुकान बंद करून घरी आलो.

२० डिसेंबर

आज टेबलावर बोट वाजलं. दोनदा. मी हात उचलला. पाय उलटा होता.

२८ डिसेंबर

सत्तेचाळीस पूर्ण. एक काढला, एक लावला, बोट वाजलं, मगच पुढचा. आयसीही बसवली. पिन घालायची हिंमत होत नाही. आज नको. उद्या.

२९ डिसेंबर

यांची खुर्ची आधी लांब दारापाशी नेली. मग सिरीजचा बल्ब लावला. पिन घातली, डोळे मिटले. उघडले तर बल्ब मंद लाल, नुसती तार तापल्यासारखा. म्हणजे कुठे शॉर्ट नाही! मग सरळ लाईट दिली.

गुरगुर नाही. काहीच आवाज नाही. एवढं शांत की मला वाटलं मेला. मग एक पट्टी दाबली.

असा सूर! पानवाला दुकान सोडून दारात आला. हे दारापाशी होते, उन्हात, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी पट्टी सोडलीच नाही, बोट दुखेपर्यंत.

३ जानेवारी १९९४

सूर लावायला पाच दिवस गेले. मला तेवढं कळत नाही, यांना कळतं. तासभर तापू द्यायचा, मग बारीक पेचकसाने केसभर फिरवायचं. दोनदा बोट — थांब. परत. परत. कधीकधी मला अगदी बरोबर वाटतं आणि बोट वाजतच नाही, हे डोळे मिटून बसलेले. आज दुपारी चारला शेवटच्या पट्टीला एकदा वाजलं. दमले होते. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, पुसली.

आजकाल लवकर दमतात. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. ते दुसरं काही तरी म्हणणार होते, मग म्हणाले नाहीत.

७ जानेवारी

भुजंगदादा बाजा घेऊन गेले. आधी दुकानातच खाली मांडी घालून वाजवला. उजव्या बाजूच्या पट्ट्या — तिथे तो बाईच्या गळ्यासारखा आवाज आहे. दोन ओळी गायल्या आणि थांबले. एकदम उठून बाहेर गेले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. ढोलकीवाला म्हणाला, राहू द्या त्यांना जरा.

परत येऊन यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मला — “मिस्त्री, येतो.”

मला!

यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

१० जानेवारी

हे दुकानात यायला तयार नाहीत. तीन दिवस झाले. रिक्षा दारात आली की डोळे मिटून घेतात. एक रेडिओ, दोन टेपरेकॉर्डर आलेत, बायांनीच आणलेत. सूर्यभान बूथचं बोलला नाही या आठवड्यात. सगळं नीट होतंय आणि घरात असं वाटतं की कोणी तरी दिवा बारीक करत चाललंय.

त्यांना वाटतं का की आता आपलं काम संपलं? विचारलं. बोट वाजलं नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही.

१२ जानेवारी

आज मीच दुकान उघडलं नाही. यांच्यापाशी बसून मटकी निवडली. बरं वाटलं.

१४ जानेवारी

झालं! झालं! नामांतर झालं! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं! रेडिओवर ऐकलं आम्ही, दोघांनी मिळून! सोळा वर्षं! हे रडायलेत, हसायलेत, दोन्ही. सगळी वस्ती रस्त्यावर. भुजंगदादांची पार्टी चौकात आलीय म्हणे — बाजा इथपर्यंत ऐकू यायलाय, स्वच्छ, गुरगुर नाही! हे डाव्या हाताने मला दाराकडे ढकलायलेत. जा, जा. दगडाबाई तिळगूळ घेऊन आलीय, मी बसते म्हणाली.

जाते.

१५ जानेवारी

काल मी नाचले. भर चौकात, पदर पडला तरी. जन्मात पहिल्यांदा. अर्धा तास असेल.

परत आले तर यांचं डोकं दगडाबाईच्या मांडीवर. डोळे तिनेच मिटवले होते. म्हणाली, “उचकी लागली गं. पानी पाजलं, उतरलं न्हाई. तुला बलवायला कोनाला धाडू? माझी दोन्ही पोरं रागानं दार लावून बसलेत. मग मीच धरून बसले.”

माझे हात कोपरापर्यंत निळे होते, उधळलेल्या रंगाने. धुवायला उठले तर तिने मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “तसेच लाव त्याला.”